टाळतां येणारें अंधत्व

परमेश्वरानें मनुष्यास दिलेल्या इंद्रियांत नेत्राची योग्यता केवढी आहे, हें डोळस मनुष्याच्या सहसा ध्यानांत येत नाहीं. दृष्टि गेली म्हणजे दैवास बोल लावून लोक स्वस्थ बसतात. परंतु पुष्कळसें अंधत्व आपल्या अज्ञानानें व आळसानें येतें. त्याचीं मुख्य कारणें आम्ही येथें थोडक्यांत सांगतों.

सर्वांत मोठें कारण मोतीबिंदू. डोळ्यांतील स्वच्छ भिंग उतारवयांत गढूळ होतें व त्यांतून प्रकाश नीट आंत जात नाहीं. यावर अंजन वा थेंब चालत नाहींत; शस्त्रक्रिया हाच उपाय. सन १९४९ मध्यें लंडन येथें हॅरल्ड रिडली या नेत्रवैद्यानें काढलेल्या भिंगाच्या जागीं कृत्रिम भिंग बसविण्याचा उपक्रम केला. आज ती रीत सर्वत्र रूढ आहे. मोतीबिंदू पिकण्याची वाट पाहत बसलेल्या आपल्या आजी-आजोबांस हें आपणच समजावून सांगितलें पाहिजे.

काचबिंदू मात्र चोरपावलांनीं येतो. बहुधा डोळ्यांतील द्रवाचा निचरा नीट न झाल्यानें दाब वाढतो व दृष्टीची नस सुकत जाते. प्रथम कडेचें दिसेनासें होतें, म्हणून रोग्यास पत्ताहि लागत नाहीं. आणि गेलेली दृष्टि परत येत नाहीं. मधुमेहानें नेत्रपटलांतील सूक्ष्म रक्तवाहिन्या बिघडतात, तेव्हांहि आरंभीं कांहीं कळत नाहीं. म्हणून चाळिशीनंतर सर्वांनीं वेळोवेळीं व मधुमेह्यानें दरवर्षीं डोळे तपासून घ्यावे.

लहान मुलांस ‘अ’ जीवनसत्त्वाच्या अभावीं प्रथम रातांधळेपणा येतो. पुढें बुबुळ कोरडें पडून डोळा कायमचा जातो. शेवग्याचा पाला, गाजर, पपई, दूध व अंडीं यांनीं हें संकट टळतें.

इजेचेंहि तसेंच. लुई ब्रेल हा फ्रेंच बालक तीन वर्षांचा असतां, १८१२ सालीं, बापाच्या कारखान्यांत आरी लागून त्याचा एक डोळा फुटला. विकार दुसऱ्यांत पसरून तो पूर्ण अंध झाला. पुढें त्यानेंच अंधांस लिपि दिली, हें खरें. पण विटीदांडू, धनुष्यबाण व फटाके हातीं घेतांना आपण त्या आरीचें स्मरण ठेवावें.

प्रयत्नानें काय साधतें, याचीं प्रमाणें आहेत. देवीच्या रोगानें पूर्वीं कित्येकांचे डोळे जात. लस टोंचण्याच्या प्रसारानें तो रोग जगांतून नाहींसा झाल्याचें १९८० सालीं जाहीर झालें. सार्वजनिक आरोग्याचें संकट या नात्यानें खुपऱ्यांचें हिंदुस्थानांतून उच्चाटन झाल्याचें जागतिक आरोग्य संघटनेनें २०२४ सालीं मान्य केलें.

शेवटीं एक विनंती. फळ्यावरील अक्षर न दिसणाऱ्या सोबत्यास आपण कित्येकदां ‘मठ्ठ’ म्हणून हिणवितों. त्यास कदाचित् केवळ चष्म्याची उणीव असेल. त्याचा हात धरून त्यास गुरुजींकडे न्यावें. कारण दुसऱ्याची दृष्टि राखण्यास साह्य करणें हें डोळसपणाचें पहिलें लक्षण होय.