एकच वस्तू, अनेक किमती : संगीत सॉफ्टवेअर आणि जागतिक मूल्यनीतीचा न्याय

ध्वनिमुद्रण ही एके काळी मोठी भांडवली गुंतवणूक करू शकणाऱ्या स्टुडिओंचीच मक्तेदारी होती. १९८३ मध्ये 'मिडी' हे प्रमाणक अस्तित्वात आले आणि निरनिराळ्या कंपन्यांची इलेक्ट्रॉनिक वाद्ये व संगणक परस्परांशी जोडणे शक्य झाले. १९९६ मध्ये जर्मनीतील स्टाइनबर्ग कंपनीने 'व्हीएसटी' हे तंत्र आणल्यावर ध्वनिसंस्काराची उपकरणे आणि पुढे वाद्येही संगणकातच सामावली. आज एक संगणक, मायक्रोफोन आणि योग्य सॉफ्टवेअर यांच्या साहाय्याने लहान गावातील कलावंतही घरबसल्या गीत ध्वनिमुद्रित करू शकतो. मात्र अशा सॉफ्टवेअरची किंमत बहुधा डॉलर किंवा युरोमध्ये ठरते, तर या कलावंताची मिळकत रुपयांत असते. त्यामुळे सवलतीचा शोध ही त्याच्यासाठी हौस न राहता व्यवसायात प्रवेश करण्याची अट बनते. या व्यवहारामागील अर्थशास्त्र आणि त्यातून उपस्थित होणारा न्याय्य किमतीचा प्रश्न यांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

किंमत ठरते कशी?

सॉफ्टवेअरच्या निर्मितीत जवळजवळ संपूर्ण खर्च पहिली प्रत तयार करण्यासाठी होतो. दुसऱ्या किंवा दहा लाखाव्या प्रतीचा सीमान्त खर्च नगण्य असतो. सीमान्त खर्चाइतकी किंमत आकारली, तर मूळ गुंतवणूक भरून निघत नाही. सर्वांना एकच चढी किंमत आकारली, तर कमी पैसे देण्यास तयार असलेले असंख्य ग्राहक बाजाराबाहेर राहतात. यावर विक्रेत्याने शोधलेला मार्ग म्हणजे मूल्यभेद.

ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ ए. सी. पिगू यांनी १९२० च्या 'द इकॉनॉमिक्स ऑफ वेल्फेअर' या ग्रंथात मूल्यभेदाचे ३ प्रकार सांगितले. पहिल्या प्रकारात प्रत्येक ग्राहकाकडून त्याची कमाल तयारी असलेली किंमत वसूल केली जाते आणि उपभोक्त्याचे संपूर्ण संतोषाधिक्य विक्रेत्याकडे जाते. हा प्रकार व्यवहारात दुर्मीळ आहे. दुसऱ्या प्रकारात ग्राहक स्वतःच आपला गट निवडतो. बर्लिनच्या एबलटन कंपनीचे 'लाइव्ह' हे सॉफ्टवेअर 'इंट्रो', 'स्टँडर्ड' आणि 'स्वीट' अशा ३ आवृत्त्यांत मिळते, ते या प्रकाराचे उदाहरण मानता येईल. तिसऱ्या प्रकारात ग्राहकांचे गट बाह्य लक्षणांवरून पाडले जातात. विद्यार्थ्यांसाठीची सवलत आणि देशनिहाय किंमत हे दोन्ही याच प्रकारात मोडतात.

मूल्यभेद यशस्वी होण्यासाठी ३ अटी आवश्यक असतात. विक्रेत्याकडे काही प्रमाणात मक्तेदारी असावी, ग्राहकगटांच्या मागणीची लवचिकता भिन्न असावी आणि स्वस्त बाजारात घेतलेली वस्तू महाग बाजारात विकता येऊ नये. तिसरी अट विशेष महत्त्वाची आहे, हे पुढील विवेचनावरून स्पष्ट होईल.

सवलतीचा शोध

संगीत सॉफ्टवेअरच्या बाजारात नोव्हेंबरच्या अखेरीस मोठे सवलत-विक्री मेळे भरतात. वर्षभर चढ्या किमतीला दिसणारी वस्तू काही दिवसांसाठी निम्म्या किंवा त्याहूनही कमी किमतीला मिळते. हा कालानुसार केलेला मूल्यभेदच होय. ज्या व्यावसायिकाला काम आजच पूर्ण करायचे आहे, तो पूर्ण किंमत देतो. ज्याच्याकडे पैशापेक्षा वेळ अधिक आहे, तो प्रतीक्षा करतो. ग्राहकाला आपण विक्रेत्यावर मात केली असे वाटते. प्रत्यक्षात त्याच्या संयमाचा हिशेब विक्रेत्याने आधीच केलेला असतो. या पद्धतीने कमी उत्पन्नाच्या ग्राहकाला प्रवेश मिळतो, हे खरे. परंतु छापील किंमत नावापुरतीच उरते आणि माहिती नसलेला ग्राहक अकारण अधिक पैसे मोजतो, हेही तितकेच खरे.

समान किंमत, असमान भार

जगभर एकच डॉलर-किंमत ठेवणे वरकरणी निःपक्षपाती वाटते. हे तपासण्यासाठी क्रयशक्ती समानतेची संकल्पना उपयुक्त ठरते. जागतिक बँकेच्या समन्वयाने चालणाऱ्या आंतरराष्ट्रीय तुलना कार्यक्रमाच्या २०१७ च्या फेरीनुसार १ डॉलरची क्रयशक्ती भारतात २०.६५ रुपयांइतकी होती; त्याच वर्षी बाजारातील विनिमय दर ६५.१२ रुपये होता.

समजा, एका सॉफ्टवेअरची किंमत ६० डॉलर आहे. २०१७ च्या विनिमय दराने भारतीय ग्राहकास त्यासाठी सुमारे ३,९०७ रुपये मोजावे लागले असते. एवढ्या रुपयांत भारतात जितक्या वस्तू व सेवा मिळत, तितक्या अमेरिकेत घेण्यासाठी सुमारे १८९ डॉलर लागले असते. म्हणजेच ६० डॉलरची वस्तू भारतीय ग्राहकाला तिपटीहून अधिक महाग पडते. येथे केवळ किमतींच्या पातळीतील फरक लक्षात घेतला आहे. क्रयशक्तीनुसार मोजलेले भारताचे दरडोई उत्पन्नही २०१७ मध्ये अमेरिकेच्या सुमारे एक-दशांशच होते, ही बाब जमेस धरली तर प्रत्यक्ष भार आणखी वाढतो. शिवाय परदेशी पुरवठादाराने भारतातील अनोंदणीकृत ग्राहकास पुरविलेल्या ऑनलाइन डिजिटल सेवांवर १८ टक्के एकात्मिक वस्तू व सेवा कर लागू होतो.

ऑस्ट्रेलियाचा अनुभव

देशनिहाय किंमत नेहमी गरीब देशाच्या बाजूने झुकते असे मात्र नाही. ऑस्ट्रेलियात सॉफ्टवेअर, संगीत आणि खेळ अमेरिकेपेक्षा खूप महाग विकले जात असल्याच्या तक्रारींवरून तेथील प्रतिनिधिगृहाच्या समितीने चौकशी केली. ॲपल, अडोबी आणि मायक्रोसॉफ्ट या कंपन्यांना साक्षीसाठी पाचारण करण्यात आले. त्यानंतर फेब्रुवारी २०१३ मध्ये अडोबीने आपल्या 'क्रिएटिव्ह क्लाउड' सदस्यत्वाची तेथील किंमत उतरविली. जुलै २०१३ मध्ये सादर झालेल्या समितीच्या अहवालाने या जादा आकारणीची दखल घेतली. अनेक उत्पादनांबाबत हा फरक ५० टक्के किंवा त्याहून अधिक होता. गोदाम किंवा जहाजवाहतूक यांची गरजच नसलेल्या, इंटरनेटवरून उतरवून घेतल्या जाणाऱ्या वस्तूंच्या बाबतीत खर्चाचे कारण पटण्याजोगे नव्हते. बौद्धिक संपदेच्या काही व्यवहारांना स्पर्धा कायद्यातून मिळणारी सूट काढून टाकावी, ही समितीची एक शिफारस होती. ती सूट २०१९ मध्ये रद्द झाली.

सीमा आणि पुनर्विक्री

भारतात स्वस्त दिलेली वस्तू अमेरिकेत विकता आली तर काय होईल? हा प्रश्न पाठ्यपुस्तकांच्या संदर्भात न्यायालयापुढे आला. थायलंडमधून अमेरिकेत शिकण्यास आलेल्या एका विद्यार्थ्याने मायदेशातील स्वस्त आवृत्त्या आणवून अमेरिकेत विकल्या. 'कर्टसेंग विरुद्ध जॉन वायली अँड सन्स' या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये अशी पुनर्विक्री वैध ठरविली. भारतातही समांतर आयातीस मुभा देणारी तरतूद कॉपीराइट दुरुस्ती विधेयक, २०१० मध्ये होती. परंतु प्रकाशकांच्या विरोधानंतर २०१२ च्या कायद्यातून ती वगळण्यात आली.

सॉफ्टवेअर मात्र प्रायः विकले जात नाही. त्याचा परवाना दिला जातो. परवाना खात्याशी आणि खाते देशाशी बांधता येते. त्यामुळे विक्रेत्याला सीमा राखणे पुस्तकापेक्षा सोपे जाते. युरोपीय संघाच्या एकसंध बाजारपेठेत अशा सीमांना मर्यादा आहेत. पूर्व युरोपात विकलेले संगणक-खेळ अन्य सदस्य देशांत चालू न देण्याबद्दल युरोपीय आयोगाने जानेवारी २०२१ मध्ये वाल्व्ह आणि ५ प्रकाशक कंपन्यांना एकूण ७८ लाख युरोंचा दंड केला. सीमा कोसळल्यास कंपन्या सर्वत्र स्वस्त किंमत लावतीलच, असे नाही. कमी उत्पन्नाच्या देशातील किंमत वाढविणे हाही त्यांच्यापुढील एक मार्ग असतो. सधन देशातील ग्राहक व्हीपीएनच्या आधारे गरीब देशाची सवलत घेतो, तेव्हा त्याचा लाभ त्याच्यापुरता असतो. त्याची किंमत मात्र ज्यांच्यासाठी ती सवलत होती त्यांना मोजावी लागण्याचा धोका असतो.

पर्याय कोणते?

भिन्न मार्ग उपलब्ध आहेत. स्पॉटिफायने फेब्रुवारी २०१९ मध्ये भारतात प्रवेश करताना मासिक शुल्क ११९ रुपये ठेवले. अमेरिकेत ते ९.९९ डॉलर होते. 'रीपर' या ध्वनिमुद्रण सॉफ्टवेअरने देशाऐवजी उत्पन्न हा निकष स्वीकारला. व्यक्तिगत वापरासाठी किंवा वार्षिक ढोबळ उत्पन्न २०,००० डॉलरपर्यंत असलेल्या व्यवसायासाठी ६० डॉलर, अन्यथा २२५ डॉलर, अशी त्याची रचना आहे. बेल्जियमच्या 'एफएल स्टुडिओ'मध्ये एकदा खरेदी केल्यावर पुढील सुधारणा विनामूल्य मिळतात. 'आर्डर' आणि 'ऑडासिटी' ही मुक्तस्रोत सॉफ्टवेअर आहेत. चोरीच्या प्रती हा मात्र पर्याय नव्हे. संगणक आज्ञावलीच्या अनधिकृत प्रतीचा जाणीवपूर्वक वापर भारतीय कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३-ब अन्वये दंडनीय आहे.

समारोप

किमती भिन्न असणे हा अन्याय नव्हे आणि त्या समान असणे हाही न्याय नव्हे. मूल्यभेदाची दिशा कोणती, यावर निर्णय अवलंबून राहतो. ज्याची ऐपत कमी त्याला कमी किंमत आकारली जात असेल आणि त्यामुळे वापरकर्त्यांची संख्या वाढत असेल, तर मूल्यभेद समाजहिताचा ठरतो. ग्राहकाला दुसरीकडे जाता येत नाही, एवढ्याच कारणाने त्याच्याकडून अधिक पैसे घेतले जात असतील, तर तो मक्तेदारीचा गैरवापर होय. हा भेद करता यावा यासाठी किमतीचे निकष उघड असणे आवश्यक आहे. सवलत केव्हा येईल याच्या अंदाजावर नवोदित कलावंताचा व्यवसायप्रवेश अवलंबून असू नये. सर्जनशील उद्योगांतून रोजगारनिर्मिती साधू पाहणाऱ्या भारतासारख्या देशाने ग्राहकहित, स्पर्धा कायदा आणि मुक्तस्रोत सॉफ्टवेअरला प्रोत्साहन या तिन्ही बाजूंनी या प्रश्नाचा विचार करणे अगत्याचे आहे.