अंधारात पाहणारा कॅमेरा

रात्र आणि राखण यांचा संबंध फार जुना आहे. पूर्वी गावोगावी जागल्या कंदील व काठी घेऊन गस्त घालीत असे. आज अनेक घरांच्या दारावर हे काम एक लहानसा कॅमेरा करतो. मात्र तो नुसता बसवून भागत नाही. त्याची रात्रीची नजर नीट जुळवावी लागते. तसे न केल्यास चोरी झाल्यावर चित्रणात चेहऱ्याच्या जागी केवळ पांढरा डाग दिसतो आणि कॅमेरा असून नसल्यासारखा ठरतो.

मानवी डोळ्यांना साधारणतः ३८० ते ७५० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश दिसतो. तांबड्या प्रकाशापलीकडील अवरक्त किरणांचा शोध विल्यम हर्षेल या शास्त्रज्ञाने १८०० साली लावला. हे किरण आपल्याला दिसत नसले, तरी त्यांतील दृश्य प्रकाशाजवळचे किरण कॅमेऱ्यातील सिलिकॉनच्या संवेदकाला जाणवतात. म्हणून कॅमेऱ्याच्या भिंगाभोवती असे किरण टाकणारे छोटे दिवे बसवलेले असतात. ८५० नॅनोमीटरचे दिवे अंधारात मंद तांबडे दिसतात. ९४० नॅनोमीटरचे जवळजवळ दिसतच नाहीत, परंतु त्यांचा पल्ला कमी असतो.

दिवसा रंग खरे दिसावेत यासाठी संवेदकापुढे अवरक्त किरण अडवणारी गाळणी असते. अंधार पडताच ती बाजूला सरकते, दिवे लागतात आणि चित्र कृष्णधवल होते. संध्याकाळी कॅमेऱ्यातून ‘टक्’ असा आवाज येतो, तो या गाळणीचा होय.

हा बदल किती उजेड उरल्यावर व्हावा, हे ‘संवेदनशीलता’ ठरवते. सामान्यतः ती वाढवली असता कॅमेरा थोड्याशा अंधारातही रात्रीच्या स्थितीत जातो. कमी केली असता उशिरा जातो. फार उशीर झाल्यास चित्र दाणेदार होते आणि चालणारी व्यक्ती पुसट दिसते. याउलट, रस्त्यावरील वाहनांच्या दिव्यांमुळे कॅमेरा वारंवार दिवस-रात्र करीत असेल, तर संवेदनशीलता एक पायरी बदलावी आणि बदलापूर्वीचा थांबण्याचा अवधी काही सेकंदांनी वाढवावा.

सर्वच दोष संवेदनशीलतेचे नसतात. जवळची भिंत, छपराची कड किंवा कोळ्याचे जाळे किरण परत फेकते. त्यामुळे जवळचे सारे पांढरे पडते आणि दूरचे काळोखात बुडते. कॅमेरा खिडकीच्या काचेआड ठेवल्यासही हेच घडते. अशा वेळी कॅमेऱ्याची दिशा बदलावी, भिंग मऊ कापडाने पुसावे, आणि सोय असल्यास दिव्यांची तीव्रता कमी करावी. दिव्यांजवळ घोंगावणाऱ्या किड्यांमुळे खोट्या सूचना येत असतील, तर हालचाल ओळखण्याची संवेदनशीलता कमी करावी. ही सोय वेगळी आहे; तिची रात्रीच्या नजरेशी गल्लत करू नये.

जुळवणी दिवसा करून उपयोग नाही. पूर्ण अंधार पडल्यावर घरातील एका व्यक्तीने फाटकापासून दारापर्यंत नेहमीच्या गतीने चालावे. दुसऱ्याने ते चित्रण पाहून चेहरा कोठे ओळखू येतो व कोठे हरवतो, हे टिपून ठेवावे. एका वेळी एकच बदल करावा आणि पुन्हा चालून पाहावे. पावसाळ्यात व धुक्यात किरण थेंबांवरून परततात, म्हणून ऋतू बदलला की ही परीक्षा पुन्हा घ्यावी.

कॅमेऱ्याचा पल्ला वाढवताना आणखी एक भान हवे. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली स्पष्ट केले. आपले दार राखणारी नजर शेजाऱ्याच्या खिडकीत शिरत असेल, तर ती वेळीच आपल्या उंबरठ्याकडे वळवावी.