प्रबलित प्लास्टिकचे इंजेक्शन मोल्डिंग आणि साच्याचे तापमान

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली किर्लोस्करवाडी येथे कारखाना उभारला. नांगर आणि पुढे पंप यांच्या निर्मितीमुळे पलूस परिसराला बिडाच्या ओतकामाचा जवळून परिचय झाला. बिडाचा रस झपाट्याने थंड झाल्यास पांढरे, कठीण व ठिसूळ बीड बनते. सावकाश थंड झाल्यास सहज कापता येणारे करडे बीड मिळते, हे ओतारी जाणतात. बोअरवेलच्या पंपांत आता काचतंतुयुक्त प्लास्टिकचे इंपेलरही सर्रास आढळतात. प्लास्टिकच्या साच्याकडे मात्र बहुधा केवळ वस्तू लवकर थंड करण्याचे साधन म्हणून पाहिले जाते.

पॉलिफिनिलीन सल्फाइडचे उदाहरण बोलके आहे. सुमारे ३०० ते ३४० अंश सेल्सिअस तापमानाचा हा रस साच्यात शिरतो. साचा १३५ ते १५० अंशांवर असल्यास रेणूंना स्फटिकरूप घेण्यास अवसर मिळतो. साचा ८० अंशांवर असेल, तर स्फटिकीभवन होण्यापूर्वीच पृष्ठभाग गोठतो. अशी वस्तू तपासणीत मापास उतरू शकते. परंतु पुढे उष्ण ठिकाणी वापरताना राहिलेले स्फटिकीभवन होऊन ती आकसते व वाकते. दोष ग्राहकाकडे उघड होतो, हीच यातील खरी अडचण होय. साचा तापविल्यास उत्पादन मंदावते, ही समजूतही येथे सरसकट लागू पडत नाही. स्फटिकीभवन वेगाने झाल्याने वस्तू गरम असतानाच पुरेशी ताठ होते.

१४० अंशांवर पाणी द्रवरूप ठेवण्यास वातावरणाच्या साडेतीन पटींहून अधिक दाब लागतो. तेल अशा दाबाविना चालते, पण त्याची उष्णताधारकता पाण्याच्या निम्म्याच्या आसपास असते. दोन्हींत नळी फुटल्यास कामगार गंभीर भाजू शकतो. नळ्यांच्या दर्जात काटकसर नको.

नियंत्रकावरील आकडा द्रवाचा असतो, साच्याच्या पृष्ठभागाचा नव्हे. म्हणून यंत्र स्थिरपणे चालू लागल्यावर दोन्ही अर्धांचे तापमान स्पर्शमापकाने घ्यावे. ते विषम असल्यास अधिक उष्ण बाजू जास्त आकसते व वस्तू तिकडे वाकते. त्यातच काचतंतूंमुळे प्रवाहाच्या दिशेने आकसणे कमी व आडव्या दिशेने अधिक असते.

साचा थंड होता काय, हे पडताळण्यासाठी वस्तू मोजून वापराच्या तापमानाहून अधिक तापमानाच्या भट्टीत काही तास ठेवावी, थंड करून पुन्हा मोजावी आणि उष्ण साच्यातील वस्तूशी ताडून पाहावी. नायलॉनच्या बाबतीत ही मोजमापे कोरड्या वस्तूवरच घ्यावीत, कारण पाणी शोषून तो फुगतो आणि आकसणे झाकले जाते.