हिमनदी काय परत देते

फ्रान्समधल्या शामोनी गावातून दातेरी रुळांवर चढणारी एक छोटी लाल रेल्वे मोंतांव्हेरला, म्हणजे १,९१३ मीटर उंचीवर जाते. पाठीवर सामान लादून युरोपात भटकायला निघालेले आम्ही चार मित्र त्या गाडीतून उतरलो आणि कठड्याकडे धावलो. समोर फ्रान्समधली सर्वांत मोठी हिमनदी, ‘मेर द ग्लास’ म्हणजे बर्फाचा समुद्र, दिसायला हवी होती. दिसली ती दगडगोट्यांनी भरलेली एक खोल करडी दरी. आमच्यातला एकजण म्हणालाच, “हे तर दगडखाणीसारखं दिसतंय.” बर्फ होता, पण दरीच्या तळाशी आणि तोही राखाडी मातीने माखलेला. तिथे उतरायला कातळात ठोकलेल्या लोखंडी शिड्या आहेत. या शिड्यांना खाली पुन्हा पुन्हा नवे तुकडे जोडावे लागतात, असे आमच्या गाइडने पहिल्याच शिडीपाशी सांगितले. शिडी आहे तिथेच राहते, खाली जातो तो बर्फ.

आम्हा चौघांना सवय सह्याद्रीची. तिथे कातळात खोदलेली पायरी तीनशे वर्षांपूर्वी जिथे होती तिथेच आज असते, आणि गावातला वाटाड्या आजोबांनी दाखवलेल्या वाटेनेच आपल्याला नेतो. हिमनदीवर ही कल्पना मुळातच सोडून द्यावी लागते. आदल्या आठवड्यात जिथून ओलांडले ती जागा या आठवड्यात तशी नसते. गाइड पाठ करतो ती वाट नव्हे, तर बर्फाची वागणूक. त्यामुळे दिवसभर आम्ही त्याला वाटेबद्दल काही विचारले की उत्तर बर्फाबद्दल मिळे.

पहिला धडा चालण्याचा. बुटांखाली क्रॅम्पॉन, म्हणजे पोलादी दातांची चौकट, बांधली की माणूस सवयीने टाच आधी टेकवतो किंवा चवड्यावर जातो. इथे पूर्ण तळवा सपाट टेकवायचा, म्हणजे सगळे दात एकदम रुततात. पावले थोडी फाकवून टाकायची, नाहीतर एका पायाचे दात दुसऱ्या पायाच्या विजारीत अडकतात. (माझे अडकले. विजार फाटली, त्यापलीकडे काही झाले नाही.)

दुसरा धडा मात्र आमच्या अपेक्षेच्या उलट होता. खालच्या भागात गाइडने आम्हाला दोराने बांधलेच नाही. एकजण अस्वस्थ होऊन कारण विचारू लागला. उत्तर असे की, उन्हाळ्यात खालच्या भागावरचा हिवाळी हिम वितळून जातो आणि उघडा, कठीण बर्फ राहतो. त्यावरच्या भेगा उघड दिसतात. दिसणारी भेग वळसा घालून टाळता येते. धोका असतो तो वरच्या पांढऱ्याशुभ्र, सुंदर भागात, कारण तिथे ताज्या हिमाचे पूल भेगा झाकून टाकतात. तिथे दोराशिवाय पाऊल टाकायचे नाही. थोडक्यात, जो भाग पाहून आमची निराशा झाली होती तोच जास्त भरवशाचा होता.

या भेगा पडतात कशामुळे, हे समजून घेतले की हिमनदीला नदी का म्हणायचे तेही समजते. डोंगरमाथ्यावर वर्षानुवर्षे हिम साचतो, स्वतःच्या भाराने दबतो, त्यातली हवा निघून जाते आणि त्याचा घट्ट बर्फ होतो. जाडी पुरेशी वाढली की हा बर्फ उतारावरून हलू लागतो. तो दोन रीतींनी हलतो. एक तर तळाशी पाण्याचा ओलावा असेल तर खडकावरून घसरतो. दुसरे म्हणजे खोलवर, दाबाखाली, आतल्या आत मळलेल्या कणकेसारखा विरूपित होत सरकतो. वरच्या साधारण तीसेक मीटरच्या थरावर मात्र तेवढा दाब नसतो. तो थर ठिसूळ राहतो. खालचा बर्फ वाकतो, वरचा तडकतो. उतार बदलला, वळण आले की भेगा पडतात आणि पुढे सपाटी आली की त्या मिटतातही.

ही चाल मोजायला माणसाला बराच काळ लागला. १७८८ साली शास्त्रज्ञ सोस्यूर आपल्या मोहिमेतली एक शिडी या हिमनदीच्या वरच्या भागात सोडून आला. तिचे तुकडे १८३२ साली बरेच खाली सापडले. स्वित्झर्लंडमधल्या उंटरआर हिमनदीवर हूगी नावाच्या संशोधकाने १८२७ साली एक झोपडी बांधली. ती १८४१ पर्यंत जवळजवळ १,४०० मीटर खाली गेली होती. पण शिस्तीने मोजमाप केले ते स्कॉटिश भौतिकशास्त्रज्ञ जेम्स फोर्ब्ज याने, १८४२ च्या उन्हाळ्यात, याच मेर द ग्लासवर. काठावरच्या खडकांवर खुणा आणि बर्फात रोवलेले दांडे, यांच्याकडे थिओडोलाइटमधून पाहत त्याने दाखवून दिले की बर्फ झटक्याझटक्याने नव्हे तर अहोरात्र सरकतो, आणि पाण्याच्या प्रवाहासारखाच मध्यभागी जास्त वेगाने, काठाशी कमी. त्या उन्हाळ्यात मध्यभागाचा वेग दिवसाला दोन फुटांहून थोडा अधिक होता. उंचावरून पाहिले तर हिमनदीवर फिकट आणि गडद कमानींचे पट्टे दिसतात. त्यांची नोंदही फोर्ब्जनेच केली. वरच्या हिमप्रपातातून बर्फ उन्हाळ्यात कोसळतो तेव्हा धूळ घेऊन येतो, हिवाळ्यात हिम घेऊन येतो. एक फिकट आणि एक गडद पट्टा मिळून एक वर्ष. झाडाच्या वलयांसारखी हिमनदीची वर्षे तिच्या पाठीवर मोजता येतात.

वेग कळला की हिशेबही मांडता येतो, आणि शामोनीला एक हिशेब फार जवळचा होता.

ऑगस्ट १८२० मध्ये रशियाच्या सेवेतला डॉक्टर हॅमेल गाइडांचा ताफा घेऊन माँ ब्लाँवर निघाला. खराब हवेमुळे सगळे वाटेतल्या खडकावर अडकून पडले. नंतर, नव्या हिमावरून, ते पुढे गेले. गाइडांच्या मनात जायचे नव्हते, असे सांगितले जाते. हिमस्खलन झाले आणि तीन गाइड एका भेगेत गाडले गेले. पुढच्याच वर्षी, १८२१ मध्ये, शामोनीच्या गाइडांनी आपली संघटना स्थापन केली. काम पाळीने वाटायचे, म्हणजे ग्राहकासाठी आपसांत ओढाताण नको, आणि मेलेल्या गाइडाच्या घरच्यांसाठी मदतनिधी ठेवायचा, या त्यातल्या मुख्य गोष्टी. ही संघटना आजही काम करते. गाइडने “आज पुढे नाही” म्हटले की वाद घालायचा नाही, हा आपल्याला साधा शिष्टाचार वाटतो. त्याच्यामागे या तिघांचे मरण आहे.

ते तिघे पडले होते बोसाँ हिमनदीच्या वरच्या भागात. ही हिमनदी माँ ब्लाँच्या माथ्याजवळून थेट शामोनीच्या खोऱ्याकडे उतरते. तिचा उतार अतिशय तीव्र, त्यामुळे वेग मोठा. फोर्ब्जने अंदाज वर्तवला होता की सुमारे चाळीस वर्षांनी हे गाइड खाली येतील. १८६१ च्या ऑगस्टमध्ये हिमनदीच्या खालच्या टोकाशी अवशेष, कपड्यांचे तुकडे आणि सामान बाहेर पडू लागले. एकेचाळीस वर्षे झाली होती. त्या अपघातातून वाचलेला एक गाइड तोवर म्हातारा झाला होता. आपल्या सोबत्यांच्या वस्तू त्याने ओळखल्या. वाचलेला म्हातारा आणि गेलेले तरुणच राहिलेले, ही गोष्ट गाइडने आम्हाला एका भेगेच्या काठावर बसून सांगितली. डबा उघडलेला होता, पण थोडा वेळ कोणी खाल्ले नाही.

मग त्यानेच विचारले, “तुम्ही मुंबईकडचे ना?” आणि हात पश्चिमेकडे, बोसाँच्या दिशेने केला.

त्याच हिमनदीत मुंबईहून निघालेली दोन विमाने आहेत. ३ नोव्हेंबर १९५० रोजी एअर इंडियाचे ‘मलबार प्रिन्सेस’ माँ ब्लाँच्या माथ्याखाली आदळले. ४८ माणसे होती, त्यांतले बहुतेक प्रवासी जहाजावर कामाला निघालेले भारतीय खलाशी. मदतीला निघालेल्या तुकडीचा म्होरक्या, शामोनीचा गाइड रने पायो, त्या प्रयत्नात मरण पावला. पुढे २४ जानेवारी १९६६ ला एअर इंडियाचेच ‘कांचनजंगा’ हे बोइंग जवळजवळ त्याच जागी आदळले आणि ११७ जण गेले. डॉ. होमी भाभा त्यांत होते. त्या दुर्घटनेभोवती आपल्याकडे आजवर तर्ककुतर्क चालतात. फ्रेंच चौकशीने मात्र बंद पडलेले एक दिशादर्शक यंत्र आणि विमानाच्या स्थानाबद्दल झालेला गैरसमज अशी कारणे दिली, आणि मला त्याहून वेगळे मानण्याजोगे काही आढळलेले नाही. त्या तर्कांपेक्षा बर्फ जे हाती देतो तेच मला अधिक मोलाचे वाटते.

२०१२ साली परराष्ट्र मंत्रालयाच्या टपालाची एक तागाची थैली सापडली, वृत्तपत्रे आणि दिनदर्शिका असलेली. २०१३ मध्ये एका गिर्यारोहकाला पाचू, माणके, नीलम यांनी भरलेली पेटी मिळाली. ती त्याने पोलिसांकडे जमा केली. वारस सापडले नाहीत, तेव्हा २०२१ मध्ये ते रत्नधन तो आणि शामोनी गाव यांच्यात वाटले गेले. अधूनमधून मानवी अवशेषही मिळतात. त्यांची बातमी लहान असते.

आता हा हिशेब पूर्वीसारखा सुटत नाही. बर्फ पातळ झाला की त्याचा भार कमी होतो आणि चालही मंदावते. वस्तू वाहत खाली येण्याआधीच वरून वितळून उघड्या पडतात. मेर द ग्लासवर तर हे आकडे भिंतीवरच लिहिलेले आहेत. १९८८ साली मोंतांव्हेरहून बर्फाकडे नेणारा पाळणा सुरू झाला तेव्हा त्याच्या खालच्या स्थानकापासून बर्फ दोनचार पायऱ्यांवर होता. पुढे त्या पायऱ्या पाचशेच्या वर गेल्या. वाटेत ‘१९९०’, ‘२००१’, ‘२०१०’ अशा पाट्या आहेत, प्रत्येक पाटी त्या वर्षीच्या बर्फाची पातळी सांगणारी. शेवटी जुना पाळणा मोडीत काढून बर्फ जिथे शिल्लक आहे त्या बाजूला वर नवा बसवावा लागला. आम्ही शिड्यांनीच परत चढलो. संध्याकाळी माझे दंड भरून आले होते आणि आमच्यातला स्थापत्य अभियंता पाट्यांमधली अंतरे वहीत मांडत बसला होता. त्याच्या आकड्यांत अंतरे वाढत गेलेली दिसत होती.

२०२० च्या उन्हाळ्यात बोसाँच्या काठावर एक छोटे उपाहारगृह चालवणाऱ्या माणसाला बर्फात डझनभर भारतीय वृत्तपत्रे सापडली. त्यांतल्या एका पानावर इंदिरा गांधी देशाच्या पहिल्या महिला पंतप्रधान होणार असल्याची बातमी ठळक अक्षरांत होती. ज्या दिवशी विमान पडले त्याच दिवशी दिल्लीत त्यांचा शपथविधी झाला. चौपन्न वर्षांनी ते अंक ओले, पण वाचता येण्याजोगे होते. त्याने ते एकेक पान वेगळे करून उन्हात वाळत घातले.