दिवसाची पाळी

सुरतेत उधना मागे टाकून लिंबायतकडे वळलं की यंत्रमागांची खटखट सुरू होते, ती गल्ली संपेपर्यंत सोबत राहते. सकाळचे साडेनऊ. रात्रपाळीचे कारागीर चहाच्या गाडीशी उभे आहेत, केसांवर धाग्यांची बारीक तुसं. दिवसपाळीचे केव्हाच आत गेले आहेत. याच गर्दीतून काही माणसं एका अरुंद जिन्याकडे वळतात. खाली साड्यांच्या गाठोड्यांचं गोदाम. वर मानसिक आजारातून सावरणाऱ्यांचं डे केअर. जिन्याच्या तोंडाशी चपला काढायला रांग लागली आहे.

वर लांबट हॉल. पत्र्याचं छप्पर, चार पंखे, सतरंज्या. एप्रिलची दमट हवा अंगाला चिकटते. आल्या आल्या प्रत्येक जण माठावर बाटली भरून घेतो. भिंतीवर गुजराती, मराठी, हिंदीत मोठ्या अक्षरांत लिहिलं आहे : पाणी प्या. लिथियम घेणाऱ्याच्या अंगातलं पाणी आणि मीठ घामावाटे गेलं की रक्तातलं औषध वाढतं. हात थरथरतात, उलट्या होतात, पुढे जिवावर बेतू शकतं. सुरतेच्या उन्हाळ्यात ही गोळी घेणाऱ्यावर डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवावं लागतं. केंद्र सांभाळणाऱ्या ताईंची नजर सारखी बाटल्यांवरून फिरते.

हजेरी सुरू होते. नाव पुकारलं की रात्री झोप कशी झाली तेही सांगायचं. ‘चार तास.’ ‘बरी.’ एका आजींचं उत्तर अहिराणीत, ‘बरं शे.’ ताई सगळं वहीत लिहून घेतात. झोप तुटायला लागली की आजार परतण्याची ती पहिली खूण असू शकते. दोन नावांना उत्तर येत नाही. त्यांच्यापुढे त्या गोल काढून ठेवतात.

सतरंज्या सरकवून सगळे गोलात बसतात. बहुतेक जण नंदुरबार, शहादा, अमळनेर, पारोळ्याकडचे. तापी खोऱ्यातल्या रेल्वेनं एकेका पिढीला इथं आणून सोडलंय. त्यांच्यात दोघे ओडिशाचे, एक वराछात हिरे घासणारा सौराष्ट्रातला तरुण. गुजराती माणसं ताईंना ‘बेन’ म्हणतात. आजचा विषय आहे कानात येणारे आवाज.

बराच वेळ कुणी बोलत नाही. पंखा करकरतो. मग चाळिशीतला एक जण मान खाली घालून सुरू करतो. बारा तासांची रात्रपाळी, आठ संचे, म्हणजे यंत्रमाग, एकट्याच्या अंगावर. संच्यांच्या खटखटीत त्याला आपलं नाव ऐकू यायचं. ‘कारखाना बंद झाला तरी ते बंद होईना.’ घरच्यांना वाटलं, बाहेरचं झालंय. गावी नेलं, भगत झाला, दर्गा झाला. डॉक्टरपर्यंत यायला चार वर्षं गेली.

‘अजून येतो आवाज?’ हिरेवाला हिंदीत विचारतो.

‘येतो. बारीक झालाय.’

‘उत्तर देता?’

‘लोकांत नाही देत. मोबाइल कानाला लावतो आणि मग देतो.’

हिरेवाला झटकन मान वर करतो. ही युक्ती त्याला कुठल्याच कागदावर मिळाली नसती. गोलात बसायचं ते यासाठी. डॉक्टर आठवड्यातून ठरावीक वेळी येतात, गोळ्या बदलतात, इंजेक्शनची तारीख देतात. पण आवाजासोबत बसमध्ये कसं बसायचं, हे ज्याला आवाज येतो तोच दाखवू शकतो.

हॉलमध्ये पंचवीसेक माणसं आहेत. बाहेर किती असतील? २०१५-१६ मध्ये गुजरातसह बारा राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण झालं. प्रौढांपैकी १०.६ टक्के लोकांना त्या वेळी कुठला ना कुठला मानसिक आजार होता. आजारागणिक ७० ते ९२ टक्के लोक उपचारांबाहेर होते. हे आकडे कळले की जिन्याखालच्या गल्लीतून जाणारी माणसं वेगळी दिसू लागतात.

अकरा वाजता टेबलं मांडली जातात. एका टेबलावर कागदी पिशव्या, दुसऱ्यावर साड्यांचं धागा कटिंग. हे काम इथं घरोघरी चालतं, म्हणून इथंही तेच. पन्नाशीच्या एका बाईंच्या बोटांना गोळ्यांमुळे कंप आहे. कात्री दोनदा निसटते. शेजारची तरुणी साडीचा काठ ताणून धरते, काही न बोलता. एक साडी होते. बाई ती घडी घालून बाजूला ठेवतात आणि दुसरी ओढतात. मजुरी शनिवारी, मोजून, ज्याच्या त्याच्या हातात. पैसे मोजणं हाही उपचाराचा भाग आहे. कित्येकांच्या हातात घरचे वर्षानुवर्षं दहा रुपयेही ठेवत नाहीत.

दिवसा उपचार आणि रात्री आपल्या घरी, ही रीत १९३० च्या दशकात मॉस्कोत सुरू झाली, रुग्णालयात खाटा पुरेनात म्हणून. आपल्याकडे २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं रुग्णाला समाजात राहण्याचा हक्क दिला आहे. हक्क आहे, पण सकाळी उठून जायला ठिकाण लागतं. सुरत पाळीवर चालणारं शहर. ज्याला पाळी नाही, तो खोलीच्या कोपऱ्यात पडून राहतो आणि घर त्याच्या अंगावरून ये-जा करतं. मला या जिन्याचं मोल तिथं दिसतं.

एक वाजता डबे उघडतात. कळण्याची भाकरी, ठेचा, कुणाकडे ढोकळी. पत्रा आता तापून आग ओकतोय. जेवल्यावर अर्धा हॉल पेंगतो. ताई कुणाला हलवत नाहीत.

तीनला नातेवाईक येतात. एका म्हाताऱ्या बापाच्या हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत अपंगत्वाच्या दाखल्याचे कागद. २०१६ च्या कायद्यात मानसिक आजार अपंगत्वात मोडतो, पण बहुतेक सवलतींना किमान ४० टक्के अपंगत्व लागतं. मुलगा नीट कपडे घालतो, नीट बोलतो. टक्के कसे दाखवायचे, हा बापाचा प्रश्न. ताई एकेक कागद पाहतात, काय आणायचं ते पाठीमागे लिहून देतात. मग सगळ्यांना सांगतात, घरात टोचून बोलू नका, सतत टोचणी असलेल्या घरात आजार लवकर उलटतो. एक आई चिडते. ‘दिवसभर झोपला तर बोलू नको का?’ ताई म्हणतात, ‘बोला ना. पण ऐतखाऊ म्हणू नका. साडेनऊला जायचंय, एवढंच म्हणा.’ आईचं समाधान झालेलं दिसत नाही. तरी ती शेवटपर्यंत बसून राहते.

चारला हॉल रिकामा होऊ लागतो. ताई वही उघडून गोल केलेल्या नावांना फोन लावतात. पहिला फोन बंद. दुसरा उचलला जातो.

‘का नाही आलात भाऊ?’

गोळ्या संपल्यात. मंगळवारपासून. वहिनींना सांगायला संकोच वाटला.

‘चिठ्ठी घ्या आणि आत्ता निघा. दवाखाना पाचपर्यंत उघडा आहे. मी दाराशी येते.’

ताई पर्स उचलतात आणि जिना उतरतात.