दख्खनच्या राजस्त्रिया: संदर्भग्रंथातील नाव आणि किताब

हुबळीच्या दुर्गदबैल बाजारातून निघून चन्नम्मा सर्कलला पोहोचणाऱ्या विद्यार्थ्याला घोड्यावरील पुतळा कोणाचा, असे विचारले तर तो ‘राणी चन्नम्मा’ असे चटकन उत्तर देतो. पण कोणती चन्नम्मा, असा पुढचा प्रश्न केला की तो गोंधळतो. कर्नाटकाच्या इतिहासात या नावाच्या दोन राण्या प्रसिद्ध आहेत. केळदीच्या चन्नम्मेने १६७२ ते १६९७ या काळात राज्य केले आणि १६८९ साली छत्रपती राजाराम महाराजांना आश्रय दिला. कित्तूरच्या चन्नम्मेने १८२४ साली इंग्रजांशी लढा दिला आणि १८२९ मध्ये बैलहोंगल येथे कैदेत तिचे निधन झाले. पुतळा दुसरीचा आहे. दोघींच्या मोठ्या कामगिरीत १३५ वर्षांचे अंतर आहे. तरीही केवळ ‘राणी चन्नम्मा’ या नावाखाली टिपणे काढणाऱ्या विद्यार्थ्याच्या वहीत एकाच स्त्रीने राजारामांना आश्रय दिलेला असतो आणि इंग्रजांशी युद्धही केलेले असते.

हा दोष केवळ विद्यार्थ्याचा नाही. राजस्त्रियांची नोंद कोणत्या नावाने करावी, याविषयी आपले कोश, सूची व क्रमिक पुस्तके यांत एकवाक्यता नाही. पुरुष राज्यकर्त्याला क्रमांक मिळतो: पहिला अली, दुसरा अली. स्त्रीच्या वाट्याला मात्र ‘राणी’, ‘बेगम’, ‘बीबी’ किंवा ‘अमक्याची पत्नी’ एवढेच येते. परिणामी एकीच्या दोघी होतात, दोघींची एक होते, अथवा तिसरीच सूचीतून नाहीशी होते. प्रस्तुत लेखात दख्खनच्या काही उदाहरणांच्या आधारे या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

नाव आणि किताब

प्रथम नाव व किताब यांतील भेद लक्षात घेतला पाहिजे. नाव जन्माने मिळते. किताब दरबार देतो, काळाप्रमाणे तो बदलतो आणि कधी कधी मृत्यूनंतरही बहाल होतो. औरंगजेबाची पत्नी दिलरस बानू बेगम १६५७ साली मरण पावली. ‘रबिया-उद-दौरानी’, म्हणजे आपल्या युगाची राबिया, हा तिचा मरणोत्तर किताब होय. छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) येथील तिच्या कबरीच्या वास्तूला लोक ‘बीबी का मकबरा’ म्हणतात. म्हणजे नाव गेले, किताबही मागे पडला आणि उरला तो ‘बीबी’ हा आदरार्थी शब्द. याच्या अगदी उलट प्रकार अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जवळच्या डोंगरावर दिसतो. ‘चांदबीबीचा महाल’ म्हणून ओळखली जाणारी ती इमारत वस्तुतः निजामशाहीचा वजीर सलाबतखान याची कबर आहे. एकीकडे वास्तू राहिली आणि नाव हरवले. दुसरीकडे नाव राहिले, पण ते परक्या वास्तूला चिकटले. कोशकाराने लोकांची नावे नोंदवावीत, परंतु त्यांखाली खरी ओळख देणे हे त्याचे कर्तव्य आहे.

किताबाचा शब्द पुन्हा पुन्हा वापरला जातो, हीही मोठी अडचण आहे. विजापूरच्या इब्राहिम रौझ्याच्या शिलालेखात दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाची बेगम ताज सुलताना हिचे नाव येते. गोल घुमटात मुहम्मद आदिलशहाशेजारी जिची कबर आहे ती ताज जहाँ बेगम. दोन्ही ठिकाणी ‘ताज’ हा गौरवाचा शब्द आहे. केवळ त्याच्या आधारे नोंद केल्यास दोन पिढ्या एकमेकींत मिसळतात.

रोमन साम्राज्याचा दाखला

उत्तरकालीन रोमन साम्राज्याच्या अभ्यासकांपुढेही हाच प्रश्न होता. चौथ्या-पाचव्या शतकांत फ्लाक्किला, युडॉक्सिया, युडोकिया, पुल्केरिया या राजस्त्रियांच्या नावांआधी ‘एलिया’ हा शब्द लागू लागला. मूळचे हे कुलनाम होते, पण व्यवहारात तो जवळजवळ किताबच ठरला. ‘ऑगस्टा’ ही पदवी तर स्वतंत्रपणे बहाल करावी लागे. ती प्रत्येक सम्राटाच्या पत्नीला मिळत नसे. उलट पुल्केरियाला ती ४१४ साली सम्राटाची बहीण असताना मिळाली. म्हणून सम्राटाची पत्नी दिसली की तिला सरसकट ‘ऑगस्टा’ लिहिणे चूक ठरते.

युडोकिया हिचे पहिले नाव अथेनाइस होते. बाप्तिस्म्याच्या वेळी ते बदलले. तिची सासू युडॉक्सिया आणि मुलगी लिकिनिया युडॉक्सिया. ‘प्रोसोपोग्राफी ऑफ द लेटर रोमन एम्पायर’ (तीन खंड, १९७१ ते १९९२) या व्यक्तिकोशाने समान नावांपुढे क्रमांक देऊन हा गुंता सोडविला. आपणही दोन चन्नम्मांपुढे स्थळ व वर्षे लिहिली, तर तेवढेच काम होते.

चांदबीबी आणि बडी साहिबा

चांदबीबीचा परिचय बहुधा ‘पहिल्या अली आदिलशहाची पत्नी’ असा होतो. हे खरे असले तरी अपुरे आहे. ती अहमदनगरच्या हुसेन निजामशहाची कन्या. १५८० साली पती मारला गेल्यावर विजापुरात अल्पवयीन दुसऱ्या इब्राहिमची ती पालक झाली. पुढे १५९५-९६ मध्ये तिने मोगलांपासून अहमदनगरचा किल्ला राखला, तो माहेरच्या गादीसाठी. तेथे तिने आपल्या भावाचा नातू बहादूर याचा पक्ष घेतला. १६०० साली ती स्वकीयांकडूनच मारली गेली. केवळ पतीच्या नावाखाली नोंद केली की आयुष्याची ही दुसरी, अधिक मोठी बाजू दृष्टीआड होते.

शिवचरित्रांतील ‘बडी बेगम’ किंवा ‘बडी साहेबीण’ हिचे मूळ नाव खदीजा सुलताना. ती गोवळकोंड्याची राजकन्या आणि मुहम्मद आदिलशहाची बेगम. १६५६ नंतर दुसऱ्या अलीच्या कारकिर्दीच्या आरंभी विजापूरच्या कारभारात तिचे वजन मोठे होते. हिच्याच सांगण्यावरून कवी रुस्तमीने १६४९ साली दखनीत ‘खावरनामा’ रचला. इतिहासाच्या सूचीत ‘बडी बेगम’ आणि साहित्याच्या सूचीत ‘खदीजा सुलताना’ असे आले, तर या दोघी एकच हे वाचकाला कसे कळावे? राजकारणातील स्त्री आणि साहित्याला आश्रय देणारी स्त्री अशी एकाच व्यक्तीची दोन अर्धी चित्रे तयार होतात.

अधिकाराचा शब्दही जपून वापरावा. रझिया १२३६ ते १२४० दिल्लीच्या तख्तावर होती. तिने ‘सुलतान’ हीच पदवी धारण केली. ‘सुलताना’ म्हटल्यास ती सुलतानाची पत्नी वाटते. ताराबाईंनी १७०० ते १७०७ मुलाच्या नावाने राज्य चालविले. त्यांना नुसते ‘राजारामांची पत्नी’ म्हणणे अपुरे आहे आणि चांदबीबीला ‘सुलतान’ म्हणणेही चुकीचे.

अध्यापकांसाठी पद्धत

वर्गात पुढील क्रम पाळता येईल. (१) मुख्य नोंद सर्वांत परिचित नावाने करावी: चांदबीबी, मुमताज महल, नूरजहाँ. परिचित नाव केवळ ‘बडी बेगम’ सारखे मानदर्शक असेल, तर मूळ नाव घ्यावे. (२) लगेच जन्मनाव व किताब द्यावेत. किताबाचे वर्ष ठाऊक असल्यास तेही. मेहरुन्निसा १६१६ साली नूरजहाँ झाली, त्याआधीच्या प्रसंगात ते नाव घालू नये. (३) पिता, पती व पुत्र यांपैकी ज्याच्याशी तिचा अधिकार निगडित आहे, ते नाते अवश्य सांगावे. (४) ती स्वतः तख्तावर होती, अल्पवयीनाच्या वतीने कारभार पाहत होती की केवळ राजपत्नी होती, हे स्पष्ट लिहावे. (५) इतर सर्व नावांखाली ‘पाहा’ असा निर्देश द्यावा.

हे काम लहान वाटेल. परंतु ज्या व्यक्तीचे नाव सूचीत सापडत नाही, तिच्यावर विद्यार्थी निबंध लिहीत नाही आणि पुढे कोणी संशोधनही करीत नाही. आपल्या महाविद्यालयात आजही मुली दख्खनच्या इतिहासाचा अभ्यास करतात. त्यांना या स्त्रिया त्यांच्या स्वतःच्या नावाने भेटाव्यात, एवढी व्यवस्था आपण अध्यापकांनी निश्चितच करू शकतो.