मऊ प्रवाळाचा खचलेला तुकडा कसा जगवावा?

मागच्या वेळी आपण खाऱ्या पाण्याचा टँक कसा बसवायचा ते पाहिलं. त्यानंतर सर्वात जास्त विचारला गेलेला प्रश्न असा: "लेदर कोरलचा तुकडा आणला, आठ दिवस छान होता, आता मान टाकलीय. कुठलं औषध घालू?" आजचं बोलणं याच प्रश्नावर. उत्तर आधीच सांगून टाकतो. बहुतेक वेळा औषधाची गरज प्रवाळाला नसते, पाण्याला शिस्तीची असते.

आधी हा प्राणी समजून घेऊ. हो, प्राणीच, झाड नव्हे. मऊ प्रवाळाला दगडी प्रवाळासारखा चुन्याचा घट्ट सांगाडा नसतो. शरीरात चुन्याचे बारीक कण असतात आणि बाकी आकार तो पाणी भरून धरतो. म्हणून पाणी बिघडलं की तो फुगा सुटल्यासारखा लोळतो. त्याच्या प्रत्येक पॉलिपला आठ भुजा असतात आणि पेशींमध्ये सूक्ष्म शैवाल राहतं. हे शैवाल प्रकाशावर अन्न तयार करतं आणि त्यातलं बरंचसं प्रवाळाला मिळतं. पाणी फार तापलं किंवा उजेड एकदम वाढला की ही भागीदारी मोडते, शैवाल बाहेर पडतं आणि तुकडा पांढरा पडतो.

आता पहिला प्रश्न: तुकडा खरंच आजारी आहे का? लेदर कोरल अधूनमधून कात टाकतो. पॉलिप आत घेतो, अंगावर मेणासारखा चकचकीत थर येतो, आठ-दहा दिवस तसाच राहतो आणि थर गळून पडल्यावर पुन्हा फुलतो. अशा वेळी अंग घट्ट असतं, वास येत नाही. त्याला हात लावू नका, फक्त थोडा प्रवाह मिळू द्या, म्हणजे थर निघून जाईल. पण अंग विरघळतंय, तपकिरी चिकट स्राव येतोय, कुजका वास येतोय, तर ते सडणं. तिथे थांबून चालत नाही.

सडलेला भाग कापावाच लागतो. टँकमधलंच पाणी एका भांड्यात घ्या, नवं धारदार ब्लेड घ्या आणि चांगल्या भागात थोडं आत जाऊन एकाच घावात कापा. आयोडीनचं डिप वापरणार असाल तर बाटलीवर लिहिलेलं प्रमाण आणि वेळ पाळा. ते पाणी पुन्हा टँकमध्ये ओतू नका. तुकडा दगडाला चिकटवायला सुपरग्लू फारसा कामाचा नाही, कारण या अंगावर सतत बुळबुळीत स्राव असतो. सैल रबरबँड किंवा जाळीचा तुकडा बरा. दोन-तीन आठवड्यांत तो स्वतःच दगड धरतो.

एक इशारा. मऊ प्रवाळांच्या शेजारीच दुकानात झोआ आणि पॅलिथोआ विकायला असतात. त्यांपैकी काहींत पॅलिटॉक्सिन नावाचं जबर विष असतं. १९७१ मध्ये हवाईतल्या संशोधकांनी ते वेगळं काढलं. म्हणून कापताना हातमोजे आणि चष्मा हवाच. असे दगड गरम पाण्यात उकळून साफ करणं तर मुळीच नको, वाफेतून विष श्वासात जातं आणि घरातल्या सगळ्यांना दवाखाना गाठावा लागतो.

आता पाण्याकडे या. मीरा रोडहून भाईंदरला लोकलने जाताना खिडकीतून मिठागरं दिसतात. तिथे काय होतं? उन्हाने पाणी उडून जातं, मीठ मागे राहतं. तुमच्या टँकमध्ये रोज तेच चाललेलं असतं! कमी झालेल्या पाण्याच्या जागी आपण पुन्हा खारं पाणी घातलं की हॉलमध्ये मिठागर तयार झालं म्हणून समजा. उडालेल्या पाण्याच्या जागी गोडंच पाणी घालायचं, रोज थोडं थोडं. क्षारता हजारी ३५, म्हणजे २५ अंशांना घनता साधारण १.०२६. मोजायचं उपकरण ३५च्या प्रमाणित द्रावणावर तपासून घ्या.

गोडं पाणी कुठलं? नळाचं नको. घरच्या आरओचंही सहसा नको, कारण चवीसाठी त्यात क्षार परत मिसळलेले असतात. टीडीएस मीटर लावून बघा. शून्याच्या आसपास आलं तरच घाला. "उत्तनचा समुद्र हाकेच्या अंतरावर आहे, तिथलं आणलं तर?" नको. किनाऱ्याचं पाणी गढूळ, त्यात खाडीचं सांडपाणी आणि पावसाळ्यात क्षारता कोसळलेली.

तापमान २५-२६ अंश ठेवा. मे महिन्यात वरच्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये पाणी सहज तिशी ओलांडतं. पाण्यावर पंखा सोडला की बाष्पीभवनाने ते थंड होतं, पण जूनमधल्या दमट हवेत हा उपाय लंगडा पडतो. तेव्हा चिलर किंवा खोलीचा एसी लागतो. वीज गेली तर बॅटरीवरचा एअर पंप जवळ असू द्या.

अमोनिया आणि नायट्राइट शून्य हवेत, नायट्रेट ५ ते १०, क्षारीयता ८ ते ९ डीकेएच. नायट्रेट आणि फॉस्फेट शून्यावर आणायच्या मागे लागू नका. मऊ प्रवाळाला थोडं 'मळलेलं' पाणी मानवतं, फार धुतलेल्या टँकमध्ये तो उपाशी राहतो. शिवाय हे प्रवाळ एकमेकांविरुद्ध पाण्यात रसायनं सोडतात. तीन-चार जाती एकत्र असतील तर ॲक्टिव्हेटेड कार्बन ठेवा आणि महिन्याच्या आत बदला.

खचलेला तुकडा तळाशी, कडेला, कमी उजेडात आणि मध्यम प्रवाहात ठेवा. अंग हलकं डोलावं, फडफडू नये. मग वही घ्या. तारीख, तापमान, क्षारता, पॉलिप उघडे की मिटलेले. एका वेळी एकच बदल, आणि त्यानंतर किमान चार-पाच दिवस हात मागे. एकाच दिवशी जागा, दिवा आणि पाणी तिन्ही बदललं, तर तुकडा सुधारला तरी कशाने ते कळणार नाही.

जागा बदलणं प्रवाळ सोसतो, पण काळजी घेतली तर. २०२०च्या नोव्हेंबरात मुंबईच्या सागरी किनारा रस्त्यासाठी हाजी अली आणि वरळीच्या खडकांवरच्या प्रवाळांच्या १८ वसाहती हलवल्या, त्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या मार्गदर्शनाखाली आणि वन विभागाची परवानगी घेऊन. ती दगडी प्रवाळं होती. सगळी दगडी प्रवाळं आणि समुद्रपंखे २००१पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्याच पंगतीत. म्हणून मालवणच्या सहलीतून 'एक छोटासा तुकडा' उचलून आणायचा नाही. दुकानातही विचारा: हा समुद्रातून काढलेला आहे, की टँकमध्येच वाढवलेल्या मोठ्या प्रवाळाचा तुकडा? उत्तर टाळलं तर तुम्हीही खरेदी टाळा.

आणि तुकडा जगला, वाढला, तर त्याचा फाटा कापून शेजारच्या छंदिष्टाला द्या. घरात वाढलेला असा एक तुकडा दिला की समुद्रातून काढायचा एक तुकडा वाचतो.